राखणीचं कुत्रं: आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) पिल्लू आणण्याआधी आणि आणल्यावर

होळी झाली की मला राखणीच्या कुत्र्यांबद्दल फोन सुरू होतात. "केन कोर्सो आणलाय, पाच महिन्यांचा झालाय, घरच्या पोरालाच गुरगुरतो." "रॉटवायलर साखळीला आहे, सालगडी भाकर टाकायला जवळ जात नाही." "कुत्री माजावर आलीय, चांगला नर आहे का कुठं?" या तिन्ही फोनांमागं चूक एकच असते. क्रम उलटा झालेला असतो. आधी पिल्लू येतं, मग साखळी, मग जागेचा विचार, आणि हे कुत्रं नेमकं कशासाठी हा प्रश्न सगळ्यात शेवटी. म्हणून खालचे टप्पे क्रमानंच करा. एक जरी गाळलात तरी पुढच्या टप्प्यात ते दिसतं.

एक फरक आधीच समजून घ्या. रागीट कुत्रा आणि राखणदार कुत्रा ही एकच गोष्ट नाही. राखणदार अनोळखी माणूस पाहून उठतो, भुंकतो, माणसाच्या आणि घराच्या मध्ये उभा राहतो, आणि मालकानं "असू दे" म्हटलं की मागं सरतो. ज्याला आपण रागीट म्हणतो तो मागं सरत नाही, आणि बहुतेक वेळा तो रागीट नसून घाबरलेला असतो. घाबरट कुत्रं आधी चावतं. हे डोक्यात असलं की पुढचं सगळं सोपं जातं.

१. काम ठरवा, मग जात

कागदावर एक वाक्य लिहा: कुत्र्यानं काय राखायचं? शेळ्या-मेंढ्या, घर, की मोटार-पाइप-ठिबकचं सामान?

शेळ्या-मेंढ्यांसाठी जनावरांत राहणारा राखणदार लागतो. कांगल, अलाबाई, कॉकेशियन या परदेशी जाती आणि हिमालयातले गद्दी आणि भोटिया कुत्रे या कामासाठी घडलेले आहेत. ते रात्री जागतात, स्वतःच्या अकलेनं निर्णय घेतात आणि हाका मारल्या तरी लगेच येत नाहीत. हा त्यांचा दोष नाही. मालक जवळ नसताना काम करायचं म्हणून ते तसेच पैदा केले गेले. ज्याला "बस" म्हटलं की बसणारं कुत्रं हवं आहे, त्यानं यांच्या वाटेला जाऊ नये. घराला राखणारे रॉटवायलर, डॉबरमन, जर्मन शेफर्ड हे माणसाकडं बघून काम करणारे. त्यांना रोज माणसाचा वेळ लागतो. आठवड्यातून दोनदा शेतावर चक्कर मारणाऱ्या मालकाकडं ते बिघडतात.

आपला कारवान हा देखणा, चपळ कुत्रा आहे आणि लातूरकडं तो ज्यांचा जीव की प्राण आहे अशी माणसं आहेत. पण तो नजरेनं सावज हेरून मागं धावणारा शिकारी कुत्रा आहे. शेळ्यांवर लक्ष ठेवायला म्हणून कारवान आणला आणि त्यानंच करडामागं धाव घेतली, तर चूक त्याची नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मराठवाड्यातल्या दहापैकी आठ आखाड्यांना परदेशी जातीची गरज नाही. धनगरांच्या मेंढवाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेली, ऊन सोसणारी, कमी खाणारी कुत्री असतात. कळपासोबत वाढलेल्या चांगल्या आईचं पिल्लू त्यांच्याकडून मागून घ्या. हिमालयातल्या थंडीसाठी दाट दुहेरी केस असलेलं कुत्रं परभणीच्या मे महिन्यात, ४३ अंशांत ठेवायचं म्हणजे त्याला रोज शिक्षा करण्यासारखं आहे.

कायद्याचंही आधी बघा. १२ मार्च २०२४ ला केंद्र सरकारनं २३ जातींची विक्री आणि पैदास थांबवायला राज्यांना कळवलं होतं. त्यात कांगल, अलाबाई, कॉकेशियन, रॉटवायलर, केन कोर्सो या जाती होत्या. कर्नाटक उच्च न्यायालयानं १० एप्रिल २०२४ ला ते परिपत्रक रद्द केलं. तरीही अशी जात घेण्याआधी आज काय नियम आहे, हे पशुसंवर्धन विभागात विचारा. शहरात राहत असाल तर महापालिकेचा परवानाही लागतो.

तपासा: तुम्ही आठ दिवस गावाला गेलात तर या कुत्र्याला कोण खाऊ घालणार आणि कोण सोडणार-कोंडणार? त्या माणसाचं नाव सांगता येत नसेल तर इथंच थांबा.

२. पिल्लू यायच्या आधी जागा

बांधकाम पिल्लू आल्यावर कधीच होत नाही. माझ्याही पहिल्या कुत्र्याचं असंच झालं. "पुढच्या महिन्यात कुंपण करू" म्हणता म्हणता तो दीड वर्ष साखळीला राहिला, आणि मग त्याच्याजवळ माझ्याशिवाय कुणी जाऊ शकेना. साखळीतलं कुत्रं पळू शकत नाही हे त्याला माहीत असतं. मग त्याच्याकडं एकच उपाय उरतो, दात.

किमान दहा बाय वीस फुटांची आणि सहा फूट उंचीची जाळी करा. खालून उकरू नये म्हणून जाळी फूटभर जमिनीत गाडा. जमीन शहाबादी फरशीची किंवा मुरमाची, पाणी निघून जाईल इतका उतार ठेवून. काळ्या मातीत पावसाळ्यात पायांना चिखल आणि बोटांत जखमा होतात. सावलीसाठी नुसता पत्रा नको. पत्र्यावर कडब्याचा किंवा उसाच्या पाचटाचा जाड थर द्या, नाहीतर कडुलिंबाखाली जागा निवडा. दार दुहेरी करा: एक उघडून आत गेलं की मागचं लावायचं आणि मगच दुसरं उघडायचं. लेकरं दार उघडं टाकतात, त्यासाठी हा एकच खात्रीचा उपाय आहे.

फवारणीची औषधं, उंदराचं विष, युरियाची पोती कुलपात हलवा. कपाशीच्या दिवसांत रिकाम्या डब्यातलं पाणी चाटून कुत्री मरतात.

इशारा: बिबट्या फिरत असलेल्या भागात रात्री कुत्रं साखळीला बांधणं म्हणजे त्याला आमिष म्हणून ठेवणं. रात्री त्याला एकतर मोकळं ठेवा, नाहीतर वरूनही जाळी असलेल्या खोलीत कोंडा.

३. पिल्लू निवडताना आधी आई-बाप

सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते. मोबाईलवर फोटो येतो, बसनं खोका येतो, खोक्यात तीस दिवसांचं पिल्लू असतं. २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते. पण नियम बाजूला ठेवला तरी कारण ठोस आहे. चौथ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी खेळताना किती जोरात चावलं की दुसरं ओरडतं, हे शिकतं. तीस दिवसांचं उचललेलं पिल्लू हे कधी शिकत नाही, आणि पुढं पन्नास किलोचं झाल्यावर त्याचा खेळातला चावाही जखम करतो.

स्वतः जा. आईला पिल्लांसोबत बघा. ती भुंकेल, ते चांगलं. पण मालकानं शांत केल्यावर पाच-दहा मिनिटांत ती निवळली पाहिजे. ती कोपऱ्यात दबून राहत असेल किंवा मालकालाच तिला दोरीनं आवळून धरावं लागत असेल तर पिल्लू कितीही गोंडस असो, परत या. भित्रेपणा रक्तातून उतरतो. जमलं तर बापही बघा. मोठ्या जातीत नितंबाच्या सांध्याचा दोष वंशानं येतो, म्हणून आई-बापाचा दोन वर्षांनंतर काढलेला एक्स-रे मागा. बहुतेक जण दाखवू शकणार नाहीत. जो दाखवतो त्याच्याकडं दोन पैसे जास्त द्या.

मग पिल्लाची साधी परीक्षा. एकेकाला अनोळखी जागी ठेवा आणि थोड्या अंतरावर स्टीलची ताटली पाडा. दचकून मागं सरून मग वास घ्यायला येणारं पिल्लू तुमचं. लपून बाहेरच न येणारं नको. सगळ्यात आधी झेप घेऊन पायजमा धरणारं पिल्लू लोक हौसेनं निवडतात. लेकरं असलेल्या घरात तेही नको.

४. पहिले पंधरा दिवस

आल्या दिवशी पाहुणे बोलावू नका. जुनं खाणं तसंच चालू ठेवा आणि नवं आठवडाभरात हळूहळू मिसळा.

- दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पशुवैद्यकाकडं तपासणी आणि जंताचं औषध.
- पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या विषाणू-रोगांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एक डोस देऊन थांबणं ही नेहमीची चूक. रॉटवायलर आणि डॉबरमनला पार्व्हो जास्त भोवतो.
- रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर, मग पशुवैद्यक सांगतील तेव्हा पुढचा डोस आणि त्यानंतर न चुकता दरवर्षी. कार्ड जपून ठेवा. चावा झाला तर पहिला प्रश्न त्याचाच येतो.

गोचिडांसाठी जनावरांच्या बाटलीतलं इंजेक्शन अंदाजानं देऊ नका. गाईच्या मापातलं आयव्हरमेक्टिन कुत्र्याच्या जिवावर बेततं. गोचीडतापात हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं, कुत्रं खाणं सोडतं. असं दिसलं की त्याच दिवशी रक्त तपासा. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आणि जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयं यासाठीच आहेत.

५. दोन ते चार महिने: इथंच कुत्रं घडतं

हा टप्पा छोटा आहे, पण सगळ्यात महत्त्वाचा. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं. या काळात जे पाहिलं ते त्याच्यासाठी जगाचा भाग. जे पाहिलं नाही ते पुढं संशयाचं. म्हणजे पिल्लू आठ आठवड्यांचं घरी आलं तर तुमच्या हाती उणापुरा दीड महिना असतो.

आपल्याकडं नेमकं उलटं सांगतात. "कुणाला हात लावू देऊ नका, मग कडक होईल." "मिरची घाला, रक्त चाटवा, अंधारात कोंडा." यातून कडक कुत्रं होत नाही, आंधळं भ्यालेलं कुत्रं होतं. चोर आणि दूधवाला यांत फरक करायचा तर त्याला आधी दूधवाले, पाहुणे, म्हाताऱ्या, लेकरं भरपूर माहीत असायला हवीत. नेहमीचं काय हे ठाऊक असलेल्यालाच वेगळं काय ते कळतं.

रोज एक नवी गोष्ट दाखवा, दहा मिनिटं, आणि पिल्लू घाबरणार नाही इतक्या अंतरावरून: नऊवारी नेसलेली आजी, फेटेवाला, काठी टेकत येणारा माणूस, हेल्मेट घातलेला मोटरसायकलवाला, रडणारं लेकरू. मग ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, मळणीयंत्र, बैलाच्या घुंगरमाळा, बँड. घाबरलं तर ओढत पुढं नेऊ नका, दहा पावलं मागं या आणि तिथून बघू द्या. लसीकरण पुरं व्हायच्या आधी गावातल्या रस्त्यावर खाली सोडू नका, कडेवर घेऊन दाखवा. "लस होईपर्यंत घरातच" हा सल्ला ऐकून हा काळच हातचा घालवलेली कितीतरी कुत्री मी पाहिली आहेत.

शेळ्यांसाठीचं पिल्लू याच काळात गोठ्याला लागून जाळीआड ठेवा, म्हणजे त्यांचा वास आणि आवाज रात्रंदिवस राहील. दिवसातून दोनदा एखाद्या समजूतदार म्हाताऱ्या शेळीसोबत, तुमच्या नजरेखाली. माणसांपासून मात्र पूर्ण तोडू नका. डॉक्टरला अंगाला हात लावू न देणारं राखणीचं कुत्रं आजारात मरतं.

खाताना ताटाजवळ लेकरांना जाऊ देऊ नका. ताट हिसकावून "मालक कोण" दाखवण्याचा प्रकारही नको. उलट तुम्ही जाता जाता ताटात अंड्याचा तुकडा टाका. माणूस जवळ आला की भर पडते हे त्याला कळू द्या.

तपासा: चौथ्या महिन्यात घरी नवा पाहुणा आला तर पिल्लू वास घेऊन दोन मिनिटांत आपल्या कामाला लागतं का? लागत असेल तर तुम्ही बरोबर चालला आहात. "हे तर कुणावरही भुंकत नाही" म्हणून काळजी करू नका. राखण शिकवावी लागत नाही, ती वयानं येते.

६. सहा महिने ते दोन वर्षं: अंग वाढतं, अक्कल मागं राहते

मोठी जात दोन ते तीन वर्षांनी समजूतदार होते. अंग वर्षभरातच भरतं. मधला काळ अवघड. पाच ते दहा महिन्यांत राखणीचं पिल्लू करडांमागं खेळायला धावतं, कान धरतं. मारलं तर शेळी दिसली की मार बसतो एवढंच त्याला कळतं. त्याऐवजी लांब दोरीवर ठेवा आणि एकटं असताना करडांत सोडू नका. हा काळ सरतो.

खाण्यातली चूक दोन टोकांची असते. एकीकडं नुसती भाकर आणि ताक, त्यात वाढीला लागणारी प्रथिनं पुरत नाहीत. दुसरीकडं हौसेनं कॅल्शियमच्या बाटल्या आणि पोट फुटेस्तोवर मटण. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडं आणि सांधे बिघडतात. त्याला सावकाश वाढू द्या, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य, किंवा पशुवैद्यकानं बसवून दिलेलं अंडी, उकडलेलं चिकन, भाकर, भाजी यांचं मिश्रण द्या. शिजवलेली हाडं आणि कांदा कधीच नको. दीड वर्षापर्यंत बांधावरून उड्या आणि मोटरसायकलमागं पळवणं बंद.

इशारा: रुंद छातीच्या कुत्र्याला दिवसातून एकदाच भरपूर खाऊ घालून लगेच पळवू नका. पोट टम्म फुगलंय, उलटीसाठी उमाळे येतात पण काही पडत नाही, अशी अवस्था म्हणजे पोटाला पीळ. घरगुती उपाय नाही. मिनिटं मोजून दवाखाना गाठा.

याच काळात फाटक शिकवा. फाटक उघडलं तरी तुम्ही म्हटल्याशिवाय बाहेर पाय नाही, हे रोज दोन वेळा, सहा महिने. रस्त्यावरच्या मोटरसायकलमागं धावलेलं कुत्रं एखाद्या दिवशी कुणाला तरी पाडतं, आणि त्याचा दोष तुमचा असतो.

येळवस (वेळ अमावस्या) ही आपल्या भागातली खरी परीक्षा. एरवी दोन माणसं दिसणाऱ्या शेतात त्या दिवशी पन्नास जण येतात, कडब्याची खोप, पांडवांची पूजा, आंबील-भज्जीच्या पंगती, पोरांचा धुडगूस. पहिली दोन वर्षं कुत्रं सकाळीच जाळीत ठेवा, पाणी आणि चघळायला काहीतरी द्या, दाराला कुलूप आणि किल्ली स्वतःच्या खिशात. "आमचं काही करत नाही" असं त्या दिवशी म्हणू नका. ऊसतोडीची टोळी शेतात उतरली की तोच नियम, कारण त्यांची लहान लेकरं फडाच्या कडेला खेळत असतात.

७. उन्हाळा

मार्च ते जून सकाळी आठच्या आधी आणि सूर्य बुडाल्यावरच फिरवणं. पाणी दोन मातीच्या भांड्यांत, दोन ठिकाणी, कारण एक सांडतंच. चाळीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला अडीच-तीन लिटर धरा, मेमध्ये त्याहून जास्त. दुहेरी केसांचं कुत्रं मुळापासून भादरू नका, वरचे केस उन्हापासूनही वाचवतात. विंचरून आतली मेलेली लोकर काढा.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं, धाप थांबेना, हिरड्या लालभडक, चाल अडखळती, की लगेच सावलीत घ्या, साध्या पाण्यानं पूर्ण भिजवा, पंखा लावा आणि ओल्या अंगानंच दवाखान्यात न्या. ओलं पोतं अंगावर गुंडाळून ठेवू नका. थोड्या वेळात ते गरम होऊन उष्णता आत कोंडतं.

८. पिल्लं घ्यायची का?

बहुतेकांसाठी उत्तर "नाही" असंच आहे. "एकदा तरी पिल्लं द्यावीत, नाहीतर कुत्री आजारी पडते" यात तथ्य नाही. उलट नसबंदी न केलेल्या मादीला गर्भाशयात पू होण्याचा धोका वय वाढेल तसा वाढतो. मोठ्या जातीत बारा ते अठरा महिन्यांच्या आसपास, पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं नसबंदी करून टाका. गावातल्या कुत्र्यांशी संयोगातून पसरणारी कर्करोगाची गाठही मग टळते.

तरीही पैदास करायची असेल तर क्रम असा:

१) मादी पूर्ण वाढलेली हवी. नियमानुसार अठरा महिन्यांच्या आत आणि आठ वर्षांनंतर नाही, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेत नाहीत. मोठ्या जातीत मी दोन वर्षांआधी घेऊ देत नाही, कारण सांध्याचा एक्स-रे आणि स्वभाव दोन्ही तेव्हाच कळतात. जिनं कुणाला विनाकारण चावलंय, तिची पिल्लं नकोत. नराचंही तेच.

२) दोघांची ब्रुसेलाची (गर्भ पाडणाऱ्या जिवाणूची) रक्ततपासणी. हा रोग माणसालाही होतो.

३) पिल्लांची घरं आधी. किमान सहा जणांनी जागा दाखवली पाहिजे. मोठ्या जातीला एका वेतात आठ-दहा पिल्लं सहज होतात.

४) दिवस मोजा. रक्त दिसू लागल्यापासून साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी मादी शेपूट बाजूला करून नराला घेते. पण मादीगणिक फरक असतो, म्हणून रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासलेलं बरं. संयोगात दोघं अडकून राहतात, कधी अर्धा तास. ओढून किंवा पाणी टाकून सोडवू नका, दोघांनाही इजा होते. गाभणकाळ ६३ दिवसांचा. फेब्रुवारीच्या मध्याला लावलेली मादी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात विते, म्हणजे पिल्लं भर उन्हाळ्यात. सप्टेंबर-ऑक्टोबरचा माज धरा.

५) पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रेमध्ये पिल्लं मोजा. विण्याच्या पेटीला आतून चारही बाजूंनी वीतभर उंचीवर दांडी लावा. जड आई भिंतीला टेकून बसते आणि मागं पिल्लू चिरडतं. गाभणपणात कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नका. त्यानं दूध उतरल्यावर झटके यायचा धोका वाढतो.

तपासा: अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू नाही, पिल्लं बाकी असताना दोन तासांचं अंतर, किंवा पहिल्या पिल्लाआधी हिरवा स्राव, यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. रात्री येणारा डॉक्टर कोण, हे आधीच ठरवून ठेवा.

तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लांना रोज वेगवेगळ्या माणसांनी हाताळलं पाहिजे. आठ आठवडे पूर्ण झाल्यावरच द्या, आणि देताना लिहून घ्या: ठेवता आलं नाही तर परत माझ्याकडंच.

९. चावा झालाच तर

आधी माणूस. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लसीचं वेळापत्रक ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते मागून घ्या. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून माणसाची लस टाळू नका.

मग खर्च आणि जबाबदारी. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार जनावराबाबत निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कोर्टाची वेळ येण्याआधी ज्याला चावलं त्याच्या घरी स्वतः जा, दवाखान्याचा खर्च उचला, लसीचं कार्ड दाखवा. कायमचं आखूड साखळीला बांधून ठेवणं हा उपाय नाही. तो १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार स्वतःच गुन्हा आहे, आणि कुत्रं त्यानं आणखी बिघडतं.

कुत्र्याला मारू नका, सोडून देऊ नका. दहा दिवस कोंडून रोज बघा: खातं का, पाणी पितं का, लाळ गळते का, चाल बदलली का. दहाव्या दिवशी ते धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे नक्की, आणि हे त्या घरी जाऊन सांगा. मग चावा कुठं, कोणत्या वेळी, कोण जवळ असताना झाला हे लिहून काढा आणि फाटकापाशी जाऊन उभं राहा. बहुतेक वेळा दाराची कडी तुटलेली असते, किंवा तिथं दुसरं दार कधी लावलेलंच नसतं.